साडेनऊची मुदत: हाम्बुर्गचा रविवारचा मासळी बाजार

जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात, एल्बे नदीच्या उत्तर काठावर, आल्टोना आणि सांक्ट पाउली या दोन वस्त्यांच्या सीमेवरील चौकात दर रविवारी पहाटे जो बाजार भरतो, त्याला तेथे ‘फिशमार्क्ट’, म्हणजे मासळी बाजार, असे म्हणतात. या बाजाराची वेळ गिऱ्हाइकाच्या सोयीने ठरलेली नाही; ती मासळीच्या नाशवंतपणाने आणि चर्चच्या प्रार्थनेने ठरवून दिली आहे. 1703 साली आल्टोना हे डेन्मार्कच्या राजसत्तेखालील स्वतंत्र गाव होते आणि शेजारच्या हाम्बुर्गशी त्याची व्यापारी चुरस होती. शनिवारी पकडलेली मासळी सोमवारपर्यंत टिकत नसे, तर रविवारच्या विश्रांतीचा धार्मिक दंडक विक्रीच्या आड येत असे; त्यावर तोडगा म्हणून प्रार्थना सुरू होण्यापूर्वी बाजार उठवावा, या अटीवर कोळ्यांना परवानगी मिळाली. ही अट अद्याप पाळली जाते. उन्हाळ्यात पहाटे पाच वाजता आणि हिवाळ्यात सात वाजता सुरू होणारा बाजार साडेनऊला संपतो, जरी त्या वेळी चर्चकडे निघणारे लोक आता थोडेच उरले असले तरी.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1864 च्या युद्धानंतर आल्टोना डेन्मार्कच्या हातून गेले व प्रशियात सामील झाले, 1896 मध्ये बाजारालगत लोखंडी सांगाड्याची आणि विटांच्या भिंतींची भव्य लिलावशाळा उभी राहिली, 1937 च्या कायद्याने आल्टोना हाम्बुर्गमध्ये विलीन झाले आणि दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात लिलावशाळेची मोठी हानी झाली. 1980 च्या दशकात तिचा जीर्णोद्धार झाला, पण तोवर खोल समुद्रातील मासेमारीचा व्यवहार मुख्यतः कुक्सहाफेन व ब्रेमरहाफेन या किनाऱ्यावरील बंदरांकडे गेला होता. आज त्या शाळेत रविवारी लिलाव होत नाही. न्याहारी मिळते आणि वाद्यवृंद वाजतात.

बाजाराचा खरा प्राण मात्र बाहेर, ‘मार्क्टश्रायर’ म्हणजे हाळी देणारा विक्रेता, याच्या गळ्यात आहे. गाडीची एक बाजू उघडून केलेल्या उंच फळीवर तो उभा राहतो, धुरी दिलेली वाम हातात उंच धरून गर्दीला दाखवतो, ती पिशवीत टाकतो आणि किंमत सांगतो. कोणी पुढे आले नाही, तर किंमत तीच ठेवून पिशवीत बांगड्याच्या जातीचा मासा टाकतो, मग सामन माशाचा तुकडा, मग आणखी एक वाम, आणि प्रत्येक भर टाकताना समोरच्या एखाद्या गिऱ्हाइकाची जाहीर थट्टा करतो. फळवाले याच रीतीने टोपली भरत जातात. आपल्याकडील भाजीवाली वर घालते ती कोथिंबीर सौदा झाल्यावर. येथे ती भरच सौदा घडवते. दर उतरवला तर आधी घेतलेले गिऱ्हाईक नाराज होते, उलट माल वाढवत नेला की गर्दी थांबून राहते, आणि घड्याळ साडेनऊकडे सरकू लागले की पिशव्या अधिक जड होतात. तीन शतकांपूर्वीच्या एका धार्मिक अटीतून विक्रीची अशी घाई आणि घाईतून असे कसब जोपासले जावे, ही गोष्ट मनापासून कौतुक करावी अशी आहे.

परंतु या बाजाराला दुसरीही एक मुदत आहे आणि ती कोणत्याही करारात बसत नाही. समुद्र शंभर किलोमीटरहून अधिक दूर असला तरी एल्बेला येथे दिवसातून दोनदा भरती येते, आणि वायव्येच्या वादळाने उत्तर समुद्राचे पाणी नदीमुखात दाबले की त्या भरतीचे उधाण होते. 1962 च्या फेब्रुवारीत अशा उधाणात हाम्बुर्गमध्ये 315 माणसे दगावली; 1976 च्या जानेवारीत पाणी 6.45 मीटर या आजवरच्या उच्चांकाला पोहोचले. त्यानंतर शहराने बांध आणि पूरद्वारे बळकट केली, मात्र संरक्षणाची ही रेषा बाजाराच्या पाठीमागून जाते, त्यामुळे चौक आणि लिलावशाळा दोन्ही नदीच्या बाजूला उघडी राहिली आहेत. इशारा मिळताच शाळेतील सामान हलवावे लागते, पाणी आत येते, ओहोटीबरोबर निघून जाते आणि मागे उरलेला गाळ धुऊन काढावा लागतो. चौकात विसरलेल्या मोटारी पाण्यात बुडतात.

ही संकटे केवळ वाऱ्याने आणलेली नाहीत. मोठ्या जहाजांसाठी नदीचे पात्र वेळोवेळी खोल केले गेले, बंदरातील जुन्या गोद्या बुजवल्या गेल्या, बांधांमुळे पाणी पसरण्याची जागा आक्रसली, आणि सांक्ट पाउली येथील भरती-ओहोटीतील फरक विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारे दोन मीटरवरून आता साडेतीन मीटरच्याही पुढे गेला आहे. त्यात समुद्राची पातळी वाढत असल्याने, शतकाअखेरचा अंदाज धरून शहराने सांक्ट पाउलीसाठी 8.10 मीटरचे उधाण गृहीत धरले आहे व संरक्षक भिंती सुमारे 80 सेंटिमीटरने उंचावण्याचे ठरवले आहे. ही उंची बाजारामागच्या शहराला मिळेल. बाजार जिथे आहे तिथेच राहायचा असेल, तर गाडी लावण्यापूर्वी विक्रेत्यांना घड्याळाच्या जोडीने उधाणाचा इशाराही पाहावा लागेल, आणि हिवाळ्यातील काही रविवार तरी नदीला सोडून द्यावे लागतील.