कळसूत्री खेळाडू

पैशांचा डाव लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत ‘गेम’ हा शब्द जवळजवळ जुगाराचाच पर्याय होऊन बसला. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनोंची रोषणाई नित्य पाहणाऱ्या गोमंतकीयांना जुगाराचे अनिष्ट कोणी समजावून सांगावे असे नाही, आणि त्या कायद्याशी येथे आमचा वादही नाही. घरोघरी या शब्दाला दुसरा एक अर्थ आहे, तो अभ्यास बुडवणाऱ्या व्यसनाचा. तोही निराधार म्हणता येणार नाही; जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या विकाराला आपल्या रोगसूचीत स्थान दिले आहे. परंतु या गदारोळात तिसरा एक प्रकार विचाराच्या कक्षेबाहेरच राहून जातो. त्यात पैशाचा डाव नसतो, समोर प्रतिस्पर्धी नसतो. असते ती एक दीर्घ कथा, आणि ती वाचायची नसून तिच्यातून चालत जायचे असते. कादंबरीला वा नाटकाला आपण ज्या कसोट्या लावतो त्या या प्रकाराला लावून पाहण्याचे कष्ट आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

‘बायोशॉक’ हा असा एक खेळ. केन लेव्हिन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत तो सिद्ध झाला आणि ऑगस्ट २००७ मध्ये बाजारात आला. कथा १९६० सालातील. अटलांटिक महासागरावरून जाणारे विमान कोसळते, बचावलेला एकटा प्रवासी पोहत दीपगृहापाशी येतो आणि तेथून एका गोलकात बसून समुद्रतळी वसवलेल्या ‘रॅप्चर’ नगरीत उतरतो. हा प्रवासी म्हणजेच खेळाडू. त्याचा चेहरा दिसत नाही, तो जवळजवळ बोलतही नाही. पडद्यावर दिसतात ते केवळ त्याचे हात.

नगरीचा संस्थापक अँड्र्यू रायन. राज्यसंस्था, धर्म आणि समाजवाद या तिहींना झिडकारून, कर्तृत्ववान माणसाच्या श्रमफळावर अन्य कोणाचाही अधिकार नाही या तत्त्वावर त्याने ही नगरी उभारली. आयन रँड या लेखिकेचे तत्त्वज्ञान येथे उघडउघड डोळ्यांपुढे आहे. रायनच्या नावात तिच्या नावाचा प्रतिध्वनी आहे, आणि तिच्याप्रमाणेच तोही क्रांतीनंतरच्या रशियातून बाहेर पडलेला. महाविद्यालयीन वयात ‘फाउंटनहेड’ने भारावून गेलेले तरुण आपल्याकडेही थोडे नाहीत, त्यांनी रॅप्चरमधून एक फेरफटका अवश्य मारावा. खेळाडू तेथे पोचतो तेव्हा छतांतून समुद्र ठिबकत असतो, नववर्षाच्या मेजवानीचे फलक भिंतींवर लोंबत असतात, आणि शरीरात हवे ते बदल घडवणाऱ्या ‘अ‍ॅडम’ या द्रव्याच्या हव्यासाने भ्रमिष्ट झालेले नागरिक एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. हे सारे कसे घडले याचे प्रवचन कोणी देत नाही. भिंतींवरच्या जाहिराती आणि जागोजाग पडलेल्या ध्वनिफिती यांवरून ते आपले आपण जुळवायचे.

रेडिओवरून ‘अ‍ॅटलस’ नावाच्या गृहस्थाचा स्निग्ध आवाज वाट दाखवीत असतो. बायकोमुलाला वाचवण्यासाठी त्याला साहाय्य हवे आहे. कृपा करून हे हत्यार उचलता का, कृपा करून तिकडे जाता का, अशी त्याची आर्जवी भाषा. नकार देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण सांगितलेले काम करणे म्हणजेच खेळणे. कित्येक तासांनी रायनच्या दालनात पाऊल पडते आणि उलगडा होतो. तो ‘कृपा करून’ हा शब्दप्रयोगच संमोहनाची कळ होता. आपला नायक प्रयोगशाळेत घडवलेला दास. त्याच्या आठवणी खोट्या, आणि ते विमानही त्यानेच पाडलेले. माणूस आणि गुलाम यांतील भेद दाखवण्यासाठी रायन तेच शब्द उच्चारून स्वतःलाच मारण्याची आज्ञा देतो. नेमक्या त्या क्षणी खेळाडूच्या हातातील नियंत्रण काढून घेतलेले असते. कळा दाबूनही काही होत नाही. आपले हात गोल्फची काठी उगारतात आणि आपण पाहत राहतो.

नाटकात पात्राचा भ्रमनिरास होतो तो आपण आसनावर बसून पाहतो. येथे उघडा पडतो तो प्रेक्षकच. दार दिसले म्हणून उघडले, बाण दिसला म्हणून वळलो, आणि यालाच आपण ‘माझी निवड’ म्हणत होतो! मोबाइलच्या पडद्यावरील अटी न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवणाऱ्या आपणा सर्वांना हा अनुभव अगदीच परका वाटू नये. रॉजर ईबर्ट या नामांकित चित्रपट समीक्षकाने २०१० मध्ये व्हिडिओ गेमला कला मानण्यास नकार दिला. खेळ जिंकता येतो, कलेचा केवळ अनुभव घ्यायचा असतो, हा त्याचा एक आक्षेप. रायनच्या दालनात जिंकण्यासारखे काय असते, हे त्याला विचारावयास हवे होते.

दोषही मोठे आहेत. मृतदेहांतून अ‍ॅडम गोळा करीत हिंडणाऱ्या चिमुरड्या मुलींना मारावे की मुक्त करावे, हा निर्णय मात्र खेळाडूवर सोपवलेला आहे. मारल्यास १६० एकके मिळतात, सोडवल्यास ८०. येथवर पेच खरा आहे. पण दर तीन मुली सोडवल्यावर २०० एककांची भेट पोचती होते, आणि दयेचा तोटा जवळजवळ भरून निघतो. तोशीस न पडणाऱ्या पुण्याची परीक्षा ती कसली? स्वतः खेळ रचणाऱ्या क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्येच दुसरे वैगुण्य दाखवले: खेळाचे नियम स्वार्थाला वाव देतात, कथा मात्र परक्यासाठी राबायला भाग पाडते. आमच्या मते याहून गंभीर गोष्ट म्हणजे रायन पडल्यानंतरचा भाग. दास्य उघडकीस येते, आणि लगेच खेळाडू टेनेनबॉम या शास्त्रज्ञ बाईंच्या सूचना निमूटपणे पाळू लागतो. अखेरीस राक्षसी देहाच्या खलनायकाशी हाणामारी, ती हिंदी चित्रपटाच्या शेवटच्या रिळाला शोभेल अशी.

खेळात रक्तपात विपुल आहे. सतरा वर्षांखालील मुलांसाठी तो नाही, असा इशारा अमेरिकेत वेष्टनावरच छापलेला असतो, आणि तो योग्यच आहे. घरातला वयात आलेला मुलगा वा मुलगी तो खेळत असेल, तर मात्र वडीलधाऱ्यांनी खुर्ची ओढून शेजारी बसावे, निदान रायनच्या दालनापर्यंत.