रुळांकाठची गावं (लेखांक ७) : शिर्डीला उशिरा पोचलेली गाडी

मागच्या लेखांकात श्रीरामपूर पाहिलं. रूळ बेलापूर गावापासून लांबून गेले. पुढं भंडारदऱ्याचं पाणी पाटानं आलं, ऊस आला, कारखाने आले आणि माळावरच्या स्टेशनाभोवती शहर वसलं. स्टेशनाचं नाव मात्र बेलापूरच राहिलं. तिथं आधी स्टेशन, मग गाव. शिर्डीत नेमकं उलटं झालं.

दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. पुण्याकडून सोलापूरला जाणारी आणि नाशिककडून भुसावळला जाणारी अशा दोन मोठ्या लाइनी त्यानं जोडल्या. त्याच्या बांधणीच्या काळातच १८७६-७८ चा दुष्काळ पडला होता. या मार्गाचं मातीकाम दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी केलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याची रेल्वे अशी भुकेल्या हातांनी टाकलेली आहे, हे आपण फारसं आठवत नाही. साईबाबा तेव्हा शिर्डीतच होते, पण पंचक्रोशीबाहेर त्यांना ओळखणारे थोडेच. या खेड्यासाठी रूळ वाकवायचं कुणाला सुचावं? कोपरगाव, पुणतांबा, चितळी अशी स्टेशनं झाली आणि शिर्डी बाजूला राहिली.

तरी शिर्डीची कीर्ती पसरली ती रेल्वेमुळंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येणारा भक्त बहुधा शहरातला, इंग्रजी शिकलेला, सरकारी नोकरीतला किंवा वकिलीतला. अमरावतीहून दादासाहेब खापर्डे आले, नागपूरहून गोपाळराव बुट्टी. आजचं समाधी मंदिर म्हणजे या बुट्टींनीच बांधलेला वाडा. मुंबईचे सॉलिसिटर काकासाहेब दीक्षित यांचा पाय लंडनमध्ये आगगाडीत चढताना घसरून कायमचा अधू झाला होता. त्यांनी १९०९ मध्ये शिर्डी गाठली आणि पुढं इथंच वाडा बांधला. ‘श्रीसाईसच्चरित’ लिहिणारे हेमाडपंत, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकर, १९१० मध्ये निघाले तेव्हा मनमाडची गाडी दादरला धरणार होते. मेल दादरला थांबत नाही, सरळ बोरीबंदर गाठा, असं लोकलमधल्या एका मुसलमान सहप्रवाशानं सांगितलं म्हणून गाडी मिळाली. भक्त यात संकेत पाहतात. मला त्यात टाइमटेबल पाठ असलेला मुंबईकरही दिसतो.

मनमाडला गाडी बदलून कोपरगाव, आणि तिथून टांग्यानं गोदावरी ओलांडून सुमारे पंधरा किलोमीटर. शिर्डीचं स्टेशन म्हणजे व्यवहारात कोपरगावच. बाबांनी १९१८ साली देह ठेवला. त्यानंतर गर्दी वाढतच गेली आणि टांग्यांच्या जागी एसटी, जीपा आल्या. शिर्डी वाढली ती नगर-मनमाड रस्त्याच्या कडेनं. लॉज, हारफुलांची दुकानं, खानावळी, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. ज्याला आपण रेल्वेचं गाव म्हणतो, त्यातली रेल्वे कॉलनी, मालधक्का, गँगमनच्या चाळी इथं कधी रुजल्याच नाहीत. माझ्या मते शिर्डीच्या आजच्या रूपाचं मोठं कारण हेच आहे.

२००९ मध्ये पुणतांब्याहून फाटा काढून साईनगर शिर्डी स्टेशन झालं. मुख्य मार्गानंतर तब्बल १३१ वर्षांनी! चांगदेवांच्या समाधीचं पुणतांबा त्यामुळं जंक्शन झालं. शिर्डीला २०२२ मध्ये कोइमतूरहून खासगी कंपनीनं चालवलेली गाडी आली. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईची वंदे भारत सुरू झाली.

तरी लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या फाट्यावर न वळता सरळ निघून जातात, आणि शिर्डीचे प्रवासी कोपरगावला उतरून रिक्षा, जीप शोधतात.

(पुढील आठवड्यात : मनमाड)