खडा दाताखाली येण्याआधी

आजी तांदूळ निवडायला बसायची ती दुपारी, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. ताट मांडीवर, तोंड उजेडाकडे आणि बोटं दाण्यांतून फिरत राहायची. खडा, साळ, एखादा किडका दाणा बाजूला पडायचा. रात्रीच्या भाताचं जे काही ठरायचं ते दुपारीच ठरून जाई. भात शिजल्यावर वाढता वाढता कुणी खडे शोधत बसत नसे. राहिलाच एखादा, तर तो थेट दाताखाली यायचा.

मराठीत ‘निवडणं’ म्हणजे धान्य-भाजी साफ करणंही आणि अनेकांतून एक घेणंही. खाण्यापिण्याचे आणि व्यायामाचे आपले संकल्प दरवर्षी फसतात, तेव्हा आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. खरी गडबड बहुतेकदा निवडायच्या वेळेची असते. दुपारी चारला ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचे बटाटेवडे येतात, कागद उघडताच लसणाच्या चटणीचा वास सुटतो आणि नेमके तेव्हा आपण ठरवायला बसतो, खावा की नको. तोवर भात वाढून झालेला असतो.

पुढच्या आठवड्यातले आपण

१९९८ साली डॅनिएल रीड आणि बार्बरा व्हॅन लीउवेन या संशोधकांनी ॲमस्टरडॅममधल्या नोकरदारांना एक साधा प्रश्न विचारला: पुढच्या आठवड्यात अमुक वेळेला तुम्हाला खाऊ आणून देऊ, फळ देऊ की चॉकलेट-चिप्ससारखं काही? आठवडाभर आधी विचारलं तेव्हा सुमारे निम्म्या लोकांनी फळ सांगितलं. मग तो दिवस उजाडला, दोन्ही प्रकार समोर ठेवले आणि ‘आता काय घेता?’ असं विचारलं, तेव्हा बहुतेकांचे हात चॉकलेट-चिप्सकडे गेले. लोक खोटं बोलत नव्हते. पुढच्या आठवड्यातले आपण नेहमीच शहाणे असतो. आत्ताच्या आपल्याला मात्र भूक लागलेली असते.

त्यामुळे जाणीवपूर्वक निवड करायची म्हणजे प्रत्येक घासाला पोलीस उभा करायचा, असं समजू नये. ते कुणालाच फार दिवस जमत नाही. दिवसातल्या दोन-तीन जागा हेरायच्या आणि तिथली निवड मोह समोर येण्याआधी करून टाकायची.

चहाचंच बघा. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर चहातूनच पस्तीसेक ग्रॅम साखर पोटात जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना दिवसभराच्या साखरेची मर्यादा २५ ते ३० ग्रॅमच सांगतात. कप हातात आल्यावर याचं काही करता येत नाही. ही निवड आधण उकळत असताना, साखरेच्या डब्यापाशी होते.

पत्रक वाचलं, घाम गाळला नाही

‘मोटिव्हेशन’ नावाच्या वस्तूवर आपली फार श्रद्धा आहे. सकाळी फोनवर स्फूर्तिदायक व्हिडिओ येतात, आपण ते पुढे पाठवतो आणि गादीवर पडून राहतो. याच विषयावर ब्रिटनमध्ये सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. येत्या आठवड्यात निदान एकदा २० मिनिटं दमवणारा व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा होती. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे सांगणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्या गटालाही तो दिला, वर एक वाक्य लिहून घेतलं: मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करेन.

पहिल्या गटातल्या ३८ टक्के जणांनी व्यायाम केला. स्फूर्ती मिळालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के निघालं. तिसऱ्या गटात ते ९१ टक्के होतं.

दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, पण पाय हलले नाहीत. नंतरच्या अभ्यासांत फरक दर वेळी इतका ठळक दिसलेला नाही, दिशा मात्र तीच राहिली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी १९९०च्या दशकात मांडलेला विचार यामागे आहे. ‘व्यायाम करायचा’ हा नुसता मनोरथ असतो. ‘मुलीला स्कूलबसमध्ये बसवलं की तिथूनच मैदानाला दोन फेऱ्या’ म्हटलं की त्याचा बेत होतो. बस गेली की पाय आपोआप मैदानाकडे वळतात, मनाला विचारायची वेळच येत नाही.

आळंदीहून पंढरपूरला पायी निघालेला वारकरी तरी रोज पहाटे ‘आज चालायचं मन आहे का?’ असं स्वतःला कुठे विचारतो? दिंडी ठरलेली, मुक्काम ठरलेला, पुढे कोण आणि मागे कोण तेही ठरलेलं. एरवी भाजी आणायला रिक्षा करणारी माणसं त्या दिवसांत मैलोन् मैल चालतात. श्रद्धा असतेच, पण सकाळी पायांना आधार त्या ठरलेपणाचा असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भराभर चालणं. त्यासाठी दिंडी नको, खाली उभा राहून हाक मारणारा एक शेजारी पुरतो.

‘चालत नाही’ आणि ‘खात नाही’

लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह सुरू होतो. ‘नको हो, मला गोड चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय,’ असं कुणी म्हटलं की वाढपी हमखास म्हणतो, ‘एका जिलबीनं काय होतंय!’ आणि जिलबी पानात पडते. शेजारचा माळकरी मात्र कुठेही गेला तरी ‘मी मटण खात नाही’ एवढंच म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. त्याला कुणी ‘एका तुकड्यानं काय होतंय’ म्हणत नाही.

व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टव्हेट या अभ्यासकांनी २०१२ साली हाच फरक मोजला. मोह टाळताना एका गटाने स्वतःशी ‘मला हे खाता येत नाही’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘मी हे खात नाही’. जाताना दोन्ही गटांपुढे चॉकलेट आणि धान्याची पौष्टिक वडी ठेवली. ‘खात नाही’ म्हणणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांनी पौष्टिक वडी उचलली, ‘खाता येत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांनी. एका वाक्यात बंदी बाहेरून आलेली असते आणि बाहेरच्या बंदीला पळवाट शोधायची आपली जुनी खोड आहे. दुसऱ्या वाक्यात माणूस स्वतःची ओळख सांगतो. माळकऱ्याने निवड एकदाच केली, माळ घातली त्या दिवशी. पुढे रोज त्याला मनाशी झुंजावं लागत नाही.

नुसता नियम मात्र पुरत नाही, हे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना ठाऊक होतं. तुपातली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याच्या किसानंतर उपास शाबूत राहतो, पोट मात्र तुडुंब होतं. म्हणून नियम कशासाठी केला होता, हे महिन्या-दोन महिन्यांनी एकदा निवडायला घ्यावं.

ताटाची डावी बाजू

आपल्या पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. वर सांगितलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार जवळपास निम्मं ताट भाज्या-फळांचं हवं. आपल्याकडे कोशिंबीर चमचाभर, तोंडी लावायला. ती वाटीभर केली की पोळी-भाताची जागा आपोआप आक्रसते. काही सोडल्याची रुखरुखही लागत नाही. अर्थात काकडी-गाजर रविवारी बाजारातून आलेलं असेल, तरच बुधवारी कोशिंबीर होते.

‘मी तर बारीकच आहे, मला याची काय गरज?’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण पाहावं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय सडसडीत आणि चरबी आत दडलेली, अशी ही आपली भारतीय ठेवण. म्हणून वजनकाट्याशी रोज भांडून उमेद घालवण्यापेक्षा महिन्यातून एकदा कमरेला टेप लावावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

नेम चुकला तर

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली: जेवताना फळ खाणं, जेवणाआधी थोडं धावणं, असं काही. ती अंगवळणी पडायला मध्यकानुसार ६६ दिवस लागतील, असा हिशेब निघाला. पण कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय’ या पोस्टरवरच्या वचनावर विसंबून बाविसाव्या दिवशी हिरमुसायचं कारण नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मध्येच एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

आपल्याला हे पटायला जड जातं. एक दिवस फिरणं चुकलं की ‘नेम मोडला’ म्हणतो आणि मोडलाच आहे तर मोडू दे, म्हणून आठवडा सोडून देतो. दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत लांबतो तो असाच.

आजीने कितीही डोळ्यांत तेल घालून निवडलं, तरी महिन्यातून एखादा खडा निसटायचाच. मग पंगतीत कुणाच्या तरी तोंडात कचकन आवाज व्हायचा. तो खडा काढून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि पुढचा घास घ्यायचा. त्यासाठी भात टाकून उठलेलं आमच्या घरात मी कुणालाच पाहिलं नाही.