दहा बाजूंचा फासा आणि लाखो मतं

सापशिडीच्या फाशाला बाजू किती? सहा! पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात निवडणूक झाली की दहा बाजूंचे फासे बाहेर निघतात. त्यांवर ० ते ९ आकडे. भर सभेत फासा टाकायचा, आलेला आकडा लिहायचा, पुन्हा टाकायचा. असं २० वेळा! तयार होते २० आकडी संख्या.

हा खेळ नाही हं, ही मशीनची परीक्षा आहे. तिथे मतदार कागदी मतपत्रिकेवर खूण करतात आणि स्कॅनर त्या पटापट मोजतो. पण त्याने बरोबर मोजलं कशावरून? लाखो कागद पुन्हा हाताने मोजायचे म्हणजे केवढा खटाटोप! म्हणून शितावरून भाताची परीक्षा. फक्त कुठलं शीत उचलायचं, ते कुणी माणूस ठरवत नाही. ती २० आकडी संख्या संगणकाला दिली की तो यादी काढतो : अमुक पेटी, अमुक गठ्ठा, त्यातला सत्ताविसावा कागद. मग वेगवेगळ्या पक्षांची माणसं मिळून नेमका तोच कागद शोधतात आणि त्यावरचं मत नोंदवतात. मशीनने काय वाचलं होतं, ते त्यांना आधी दाखवतच नाहीत!

कागद किती तपासायचे? इथे खरी गंमत आहे. एकूण मतं १ लाख असोत की २० लाख, फारसा फरक पडत नाही. बघायची ती जिंकणाऱ्याची आघाडी. आघाडी दणदणीत असेल, तर निकाल चुकायला मशीनने ढीगभर चुका करायला हव्यात. आणि ढीगभर चुका थोड्या कागदांतही लपत नाहीत! आघाडी दहापट कमी असेल, तर साधारण दहापट जास्त कागद काढायचे. चुका सापडतच राहिल्या, तर शेवटी सगळे कागद हाताने मोजायचे आणि तोच निकाल खरा.

ही रीत फिलिप स्टार्क या संख्याशास्त्रज्ञाची. २०१७ मध्ये कोलोरॅडोने ती राज्यभर वापरली. आपल्याकडेही प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली ५ मतदान केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅट या छपाईयंत्रातल्या कागदी चिठ्ठ्या हाताने मोजून मशीनच्या आकड्यांशी ताडून बघतात.

आता तुमच्यासाठी कोडं. कोलोरॅडोत मशीनच्या नोंदी आधी पक्क्या करतात, फासे नंतर टाकतात. समजा, फासे आधी टाकले, तर लबाडी करणाऱ्याला काय करता येईल?