अनेक घरांचा एक राजवाडा

‘टेरेस’ हा शब्द ऐकतांच आपल्याकडे घरावरची गच्ची डोळ्यांपुढें येते. इंग्लंडांत मात्र शेजाऱ्याशेजाऱ्यांत सामाईक भिंत ठेवून एकास एक लागून बांधलेल्या घरांच्या ओळीस टेरेस म्हणतात. अशा ओळींपैकीं एक अत्यंत भपकेदार ओळ लंडनमध्यें रीजंट्स पार्क या बागेच्या पूर्वेस उभी आहे. तिचें नांव कंबरलंड टेरेस.

राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळें असमर्थ झाल्यावर १८११ सालीं त्याचा पुत्र रीजंट, म्हणजे राजप्रतिनिधि, झाला. त्याच वर्षीं लंडनच्या उत्तरेकडील कांहीं शेतजमिनीच्या पट्ट्याची मुदत संपून ती राजसत्तेकडे परत आली. तिच्यावर बाग व वस्ती यांची आखणी जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञानें केली. व्यवहार असा कीं, बांधकाम करणारानें जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घ्यावी, स्वतःच्या खर्चानें घरें उठवावीं आणि त्यांचे पट्टे धनिकांस विकावे. आंतील रचना त्याची. दर्शनी भाग मात्र नॅशच्या मान्यतेनेंच व्हावयाचा.

कंबरलंड टेरेस १८२६-२७ सालीं बांधली गेली. तोंवर रीजंट हा चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला होता. सुमारें ८०० फूट लांबीच्या या दर्शनी भागामागें तीसएक घरें दडलेलीं होतीं. मोठ्या कमानींनीं जोडलेल्या तीन इमारती, तळमजल्यावर जाड चिऱ्यांचा भास, त्यावर दोन मजले उंच आयोनिक पद्धतीचे खांब आणि मधोमध त्रिकोणी शिखरपट्टींत निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे पुतळे. एवढ्या थाटाचें कारण समोरच होतें. बागेंत राजाचा विलासमहाल व्हावयाचा होता व त्याच्या खिडक्यांतून ही ओळ दिसणार होती. तो महाल कधींच बांधला गेला नाहीं.

हे चिरे खरे दगड नव्हत. विटांच्या भिंतीवर गिलावा देऊन व त्यावर सांध्यांच्या रेघा ओढून दगडाचा आभास केलेला आहे. मागच्या बाजूस साध्या विटाच दिसत. राजवाड्याच्या या देखाव्यांतून एकेका कुटुंबाच्या वांट्यास उभा, अरुंद तुकडा येई. तळघरांत स्वयंपाक, तळमजल्यावर भोजनगृह, पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच खिडक्यांचा दिवाणखाना, वर शयनगृहें व माथ्यावर नोकरांच्या खोल्या. कोळसा व ऊन पाणी घेऊन नोकरांनीं दिवसभर जिने चढावे, तेव्हां वरची शोभा टिके.

घरापुढचा खांब ज्याच्या त्याच्या मालकीचा मानला, तर हा राजवाडा एका दिवसांत मोडेल. एकानें गिलावा पिवळा रंगविला व दुसऱ्यानें पडूं दिला, तर सगळ्यांचाच थाट गेला. म्हणूनच दर्शनी भाग एकसारखा राखण्याचें बंधन पट्टेदारांवर असे. शेजाऱ्यांच्या वैभवांत भागीदार व्हावयाचें, तर स्वतःच्या दारापुरती लहर सोडली पाहिजे, हा या रचनेचा कायदा होय.

त्याची कसोटी दुसऱ्या महायुद्धानंतर लागली. बाँबगोळ्यांनीं व हेळसांडीनें बागेभोंवतालच्या सर्वच टेरेसी जर्जर झाल्या होत्या. त्या पाडाव्या कीं राखाव्या? १९४६ सालीं लॉर्ड गोरेल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली व तिनें १९४७ सालीं त्या राखण्याची शिफारस केली. पुढें डागडुजी झाली. पुष्कळ ठिकाणीं आंतील भाग नव्यानें बांधून त्यांत सदनिका केल्या. दर्शनी भाग मात्र जपला.

नुसता मुखवटा राखण्यांत काय अर्थ, असें कोणी म्हणेल. परंतु या घरांत पाऊल टाकण्याचा योग फार थोड्यांस येतो. मुखवटा सर्वांस दिसतो. १८३५ सालापासून बागेचा कांहीं भाग लोकांस खुला होऊं लागला, आणि राजासाठीं मांडलेला देखावा तेथें फिरावयास येणाऱ्या सामान्य माणसाच्या मालकीचा झाला. तो पाडला असता तर नुकसान त्याचेंच झालें असतें.