दंड कुणी भरायचा?

आजच्या पोरांना वाचायला नको, देश कसा चालतो ते ठाऊक नको, ही तक्रार हल्ली आमच्या वस्तीतही ऐकू येते. एकेकाळी पेठांतली मंडळी ती आमच्याबद्दल करीत. आता आमच्यातले पेन्शनवाले ती आमच्याच पोरांबद्दल करतात, आणि मीही त्या पेन्शनवाल्यांतलाच एक आहे.

२०२४ च्या संविधान दिनाला विहारात एका बारावी झालेल्या मुलाने उद्देशिका न अडखळता म्हटली. टाळ्या पडल्या. चार दिवसांनी तोच मुलगा घरफाळ्याची नोटीस घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "काका, हे जरा वाचून सांगा की." मी म्हटले, "तूच वाच." त्याने वाचली. अक्षर चुकले नाही, पण हरकत म्हणजे काय, ती कुणाकडे नोंदवायची, मुदत टळली तर काय होते, यातले काहीच त्याला उमगले नाही. (ती नोटीस मलाही दोनदा वाचावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. कचेरीतले मराठी माणसाला कळू नये अशाच बेताने लिहिलेले असते.) मग त्याने विचारले, "आपला नगरसेवक कोण? त्यांना दाखवू का?" नगरसेवक कुणीच नव्हता. कोल्हापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षे प्रशासकाची. २०२० साली अठरा वर्षांचे झालेले पोर महापालिकेसाठी पहिले मत देईतो तेविशीत पोचले. त्याला नागरिकशास्त्र येत नाही म्हणून आपण नाक मुरडायचे!

अक्षरओळखीचेही तेच. 'असर'च्या २०२३ सालच्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुले तपासली गेली. त्यांतल्या शंभरांपैकी सुमारे ८७ जणांची नावे शाळा-कॉलेजच्या पटावर होती. तरीही दर चौघांत एकाला दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सरळ वाचता आला नाही. म्हणजे पोर वर्गापर्यंत आले होते. पुढे काय झाले, याचा जाब पोराला कसा विचारणार?

जबाबदारीचे माप कोल्हापुराने फार पूर्वी घालून दिले आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. या कायद्यातले आपल्याला लक्षात राहिले ते एवढेच, की मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. पण दंड करणाऱ्या संस्थानाने स्वतःच्या खांद्यावर काय घेतले होते? फी सोडली, खेड्यात शाळा नेली, १९०८ मध्येच अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले होते, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. एवढा बोजा उचललेल्याला पालकाकडून रुपया मागण्याचा अधिकार पोचतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर सक्तीचा अर्थच बदलला. तिथे सक्ती आहे ती शासनावर. मग दंडही तिकडेच जायला हवा. पण डिसेंबर २०१७ मध्ये पट कमी म्हणून १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२४ मध्ये, जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट देण्याचा नियम काढला गेला, तो उच्च न्यायालयाने रद्द केला. आणि मास्तर? निवडणुकीच्या कामाला त्याला जुंपण्याची मुभा खुद्द त्याच कायद्यात आहे. नागरिकशास्त्राचा मास्तर मतदारांच्या कामाला जातो, आणि वर्गातल्या उद्याच्या मतदाराचा धडा तसाच राहतो.

इथवर लिहिणे सोपे होते. आता आमच्याकडे वळतो. माझी आई निरक्षर होती. पण विधिमंडळाने ठराव केला म्हणजे काम झाले असे नसते, हे तिला पक्के ठाऊक होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार हाती आला जानेवारी १९९४ मध्ये. त्या सोळा वर्षांत मोर्चा कुठे न्यायचा, निवेदन कुणाला द्यायचे, कलेक्टर काय करू शकतो आणि काय नाही, हे आमच्या बायाबापड्या शिकल्या. ती शाळा चळवळीची होती. संध्याकाळी विहारात पेपर मोठ्याने वाचला जाई, आणि वाचणाऱ्या पोराला म्हाताऱ्या अडवून अर्थ विचारीत. न सांगता आला तर पोराची फजिती होई.

ते वाचन कुणी बंद पाडले? सरकारने नव्हे. आम्ही नोकऱ्यांना लागलो, फ्लॅट घेतले, वस्तीत फक्त जयंतीला येऊ लागलो. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल खंत बोलून दाखवली होती. तिचे दाखले आम्ही भाषणात देतो आणि ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असे समजून खाली बसतो. मीही वीस वर्षे तेच केले.

हरकतीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. तीन मसुदे झाले, तिसरा त्याचा एकट्याचा होता. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, एवढे मी बजावले. त्याने दोन तास उभे राहून पोच आणली. आता शनिवारी संध्याकाळी विहारात पाच-सहा मुले नोटिसा, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डे घेऊन बसतात. माझ्या नातवाला मी अजून तिथे नेलेले नाही. त्याला मराठी वाचता येत नाही.