औषधाची इवलीशी पुरचुंडी

दोस्तांनो, २०२१ चा मे महिना आठवतो? तुम्ही लहान असाल, आई-बाबांना विचारा. कोरोनातून उठलेल्यांना म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी' गाठत होती आणि नांदेड-लातूरकडे नातेवाईक एका इंजेक्शनसाठी दुकानोदुकानी हिंडत होते. त्याचं नाव लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी.

हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटतं नि तिथे भोकं पाडतं. पेशी गळते, मरते. पण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल म्हणजे त्याचंच भावंड! नुसतं औषध दिलं, तर मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या पुरचुंडीत बांधतात. केवढी पुरचुंडी? १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा भाग! आपल्या पेशींजवळून ती बहुतेक बंदच जाते. बुरशीला भिडली, की सुटते. त्रास अगदीच टळत नाही हं, रक्ततपासणी लागतेच.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी या औषधावर मोठं काम केलं. आणि गंमत माहितीय? पुरचुंडीचा तो स्निग्ध पदार्थ सोयाबीनपासून मिळतो. लातूरच्या आडतीवर ज्याची पोती उतरतात ना, तेच सोयाबीन!